पानगळ पाहायची तर दिवाळीत नको, फाल्गुनात

काश्मीरचे चिनार ऑक्टोबरच्या अखेरीस तांबडे होऊ लागतात आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्यांची छायाचित्रे आपल्या फोनवर येत राहतात. नेमकी त्याच सुमारास दिवाळीची सुटी असते, घरात गाडी असते किंवा कुणाची तरी मागता येते, आणि पांढुर्णा-सौंसरच्या घरांतही विषय निघतो, की असे रंग पालटलेले रान आपल्याला गाडीने जाऊन, बेताच्या खर्चात कुठे पाहायला मिळेल? या प्रश्नाला दिवाळीत स्वस्त उत्तर नाही. त्या दिवसांत आपला सातपुडा हिरवा असतो. पावसाची ओल जमिनीत अजून टिकलेली असते, सागाची पाने रुंद, खरबरीत आणि शाबूत असतात, पिवळे पडलेले असते ते फक्त गवत. म्हणजे रंगासाठी निघालेल्या माणसाला रंग मिळत नाही, आणि सुटीच्या गर्दीमुळे खोलीचे भाडे मात्र वर्षातले सर्वांत चढे द्यावे लागते. हाच प्रश्न माघ सरताना विचारला तर उत्तर घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत सापडते. कमी पैशांत पानगळीची सहल करायची असेल तर आधी हंगाम आणि दिशा बरोबर धरावी. ती धरली की खर्च आपोआप आटोक्यात येतो, आणि ती चुकली तर धर्मशाळेत झोपूनही सहल महागच पडते.

हंगाम वेगळा का, हे समजून घेतले तर आठवडा ठरवणे सोपे जाते. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले आणि गारठा वाढला की झाड पानातले हरितद्रव्य मोडून घेते. मग आधीपासून लपलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही जातींत गळण्यापूर्वी नवा तांबडा रंगही तयार होतो. आपल्याकडे झाडाला थंडीची भीती नाही, पाण्याची आहे. पाऊस थांबल्यावर जमीन सुकत जाते, पानांतून वाफेने जाणारे पाणी झाडाला परवडेनासे होते, आणि ते पाने टाकून देते. म्हणून आपली पानगळ एका तारखेला होत नाही, जमिनीतली ओल जशी आटेल तशी ती सरकत जाते. पातळ मुरुमाच्या टेकडीवरचा साग डिसेंबर-जानेवारीतच पिवळा-तपकिरी होऊन झडू लागतो, तर त्याच टेकडीच्या पायथ्याशी नाल्याकाठचा साग मार्चपर्यंत अंगावर पाने बाळगून असतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आपली पुष्कळ झाडे पावसाची वाट न पाहता भर उन्हाळ्याच्या तोंडावरच नवी पालवी फोडतात, आणि ती पालवी लाल असते. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी तांबडे द्रव्य असते. कडक उन्हापासून आणि किड्यांपासून ते कोवळ्या पानाचा बचाव करत असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे चिनाराच्या रानात लाल रंग सरत्या पानाचा असतो, आणि सातपुड्यात तो बहुतेक नुकत्याच जन्मलेल्या पानाचा असतो. पानगळ आणि पालवी एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी पाहायला मिळणे ही आपल्या रानाची खरी श्रीमंती आहे, आणि तिच्याकडे आपणच फार कमी लक्ष दिले आहे.

आता आठवड्यांचा हिशोब. जानेवारीच्या उत्तरार्धापासून साग पिवळा पडत जातो, काटेसावर पाने टाकून लालभडक फुलांनी भरू लागते, आणि पांढुर्णा-सौंसरच्या मळ्यांत आंबिया बहाराची संत्री फुलावर येतात. गाडीची काच खाली केली की त्या फुलांचा वास मैलभर सोबत करतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून पळस पेटतो. याच सुमारास धावड्याची पाने गळण्याआधी तांबूस होतात, सालई उघडी पडते, आणि कुल्लूची झाडे लांबून ओळखू येतात, कारण पाने गेल्यावर त्यांचे पांढुरके, गुळगुळीत खोड ऊन पडले की चमकते. मार्चच्या मध्यानंतर कुसुमाची पाळी येते. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी याला कोशिंब म्हणतात. त्याची पालवी इतकी लाल असते की नवख्या माणसाला ते झाड फुललेले वाटते. मोहाची फुले टपकायला लागलेली असतात आणि त्यामागून त्याची तांबूस कोवळी पाने येतात. पिंपळ तांबट-गुलाबी होतो, बेहडा तांबूस होतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत यातले बरेचसे हिरवे होऊन जाते. एकच सहल परवडत असेल तर मार्चचा उत्तरार्ध निवडावा, असे माझे मत आहे. पळसाची शेवटची फुले आणि कुसुमाची पहिली पालवी यांची गाठ त्याच दिवसांत पडते. ज्यांना साग पिवळा असतानाच पाहायचा आहे त्यांनी मात्र जानेवारीच्या अखेरीस निघावे आणि कुसुमाची आशा सोडावी. एका फेरीत सगळे साधत नाही.

या दिवसांत सातपुड्यात शिरणे आपल्या लोकांना नवे नाही. महाशिवरात्रीला, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीला, विदर्भातून आणि छिंदवाड्याच्या गावागावांतून माणसे पचमढीच्या चौरागडाला महादेवाच्या यात्रेला निघतात. कित्येक जण जुन्नारदेवच्या पहिल्या पायरीपासून भुरा भगताच्या वाटेने जातात, खांद्यावर त्रिशूळ वाहून नेतात, सोबत घरची शिदोरी असते, आणि मुक्काम जागा मिळेल तिथे होतो. म्हणजे पाने झडलेल्या सातपुड्यातून, पळसाखालून, बेताच्या पैशांत करायचा प्रवास आपल्या आजोबा-पणजोबांनी आखूनच ठेवलेला आहे. त्यांचा हेतू देवदर्शनाचा होता, झाडे वाटेत होती. तरी ऋतू तोच, रान तेच आणि खर्च करण्याची रीतही तीच. ज्यांना नुसती झाडेच पाहायची आहेत त्यांनी यात्रेचा आठवडा मात्र टाळावा. पचमढीकडच्या रस्त्यांवर तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते, आणि भाविकांच्या गर्दीत आपली गाडी घालणे त्यांनाही त्रासाचे होते.

दिशा कोणती धरायची, यावर विचार करायला हवा, कारण पांढुर्ण्याहून तीन वाटा फुटतात. मुलताई-बैतुलकडचा राष्ट्रीय महामार्ग रुंद आणि वेगवान आहे. लवकर पोचायचे असेल तर तो बरा, पण ट्रकांच्या रांगेत गाडी हळू करून झाड पाहणे धोक्याचे आहे. वरुड-मोर्शी-परतवाड्यावरून चिखलदऱ्याकडे जाणारी वाट सुंदर आहे. पण पहिला मोठा टप्पा शेती आणि संत्राबागांचा, जंगल शेवटी लागते. तिसरी वाट सौंसर, छिंदवाडा, तामिया. हिचा फायदा असा की ती पायरीपायरीने वर चढते. सौंसरच्या आसपासचा भाग सखल आहे, छिंदवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटरवर आहे, आणि तामिया हजार मीटरच्या वर. जमीनही वाटेत बदलते: जाम आणि कन्हानच्या खोऱ्यातली काळी माती, मग घाटातला मुरूम, मग तामियाचे वालुकाश्माचे कडे. ओल कुठे किती टिकते ते यावर ठरते, आणि पानगळ ओलीवर ठरते. त्यामुळे खाली एखादी जात पार उघडी झालेली असताना वर ती पिवळी, आणि नाल्याकाठी अजून हिरवी असे एका दिवसात दिसते. एखाद्या आठवड्याने आपला अंदाज चुकला तरी चढणीच्या कुठल्या तरी पायरीवर रंग सापडतोच. सपाट रस्त्यावर ही सोय नाही.

अंतरे अशी धरा: पांढुर्णा ते सौंसर सुमारे ३५ किलोमीटर, सौंसर ते छिंदवाडा सुमारे ५५, छिंदवाडा ते तामिया आणखी ५५. पहिल्या टप्प्यात जामसावळीला थांबायला हरकत नाही. तिथला निजलेला मारुती पिंपळाखाली आहे, आणि मार्चमध्ये पिंपळाची नवी पाने पाहायची तर तो थांबा अनायासे घडतो. मात्र मंगळवार-शनिवारी फार गर्दी असते. सौंसर सोडून रामाकोना मागे पडला की रस्ता सिल्लेवानीच्या घाटाला लागतो. सगळ्या सहलीचा गाभा हा घाट आहे, आणि बहुतेक गाड्या तो काही मिनिटांत ओलांडून जातात. इथे किमान दीड तास राखून ठेवावा. वळणावर थांबू नये. रुंद, सपाट जागा पाहून गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्यावी, आणि मग पायी थोडे मागे-पुढे फिरावे. चालत्या गाडीतून दिसतो तो रंगाचा पट्टा, झाड ओळखायला पायच लागतात. घाट संपून उमरानाला आला की पठार सुरू होते. छिंदवाडा ते परासिया हा भाग कोळसा खाणींचा आणि वाहतुकीचा. तो झटकन पार करावा. परासियानंतर पुन्हा चढ आणि रान, ते थेट तामियापर्यंत. तामियाहून पातालकोटच्या काठावर जायला वीसेक किलोमीटर लागतात. काठावरून खाली पाहिले तर सुमारे ७९ चौरस किलोमीटरची खोल दरी, तिच्यात १२ गावे आणि दुधी नदीचा उगम. उन्हाळ्याच्या तोंडावर वरचा काठ उघडा आणि तळाची झाडे हिरवी, हा भेद इथे जितका स्वच्छ दिसतो तितका या भागात दुसरीकडे दिसत नाही. संध्याकाळी तामियाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विश्रामगृहाजवळचा कडा सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

उजेडाचे गणितही आधीच करून ठेवावे. लाल पालवी समोरून ऊन पडल्यावर मळकट दिसते. ऊन पानाच्या पाठीमागून आले की तीच पेटल्यासारखी होते. मार्चच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, आणि असे तिरपे ऊन साडेनऊपर्यंत मिळते. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना आपले तोंड साधारण उत्तरेला असते, म्हणजे सकाळचा सूर्य उजव्या हाताला. परतताना तोंड दक्षिणेला आणि दुपार कलल्यानंतरचा सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजव्याच हाताला. म्हणून ज्याला पाहायची हौस जास्त त्याने दोन्ही वेळेला चालकाच्या मागे बसावे, आणि चालकाने रस्त्यावरच लक्ष ठेवावे. पांढुर्ण्याहून पहाटे पाचला निघाले तर सिल्लेवानीचा घाट बरोबर या उजेडात येतो. दुपारी अकरा ते चार या वेळात रानात काहीच करण्यासारखे नसते. ती वेळ छिंदवाड्यात काढावी. १९५४ साली सुरू झालेले बादल भोई आदिवासी संग्रहालय तिथे आहे, आणि ज्या गोंड, कोरकू, भारिया लोकांच्या रानातून आपण जाणार आहोत त्यांची ओळख आधी करून घेणे योग्यच आहे. सुटीचा वार आधी विचारून घ्यावा.

आता पैसे. पांढुर्णा ते तामिया जाऊन येऊन, पातालकोटचा फेरा आणि इकडेतिकडे फिरणे धरून ३६० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल तर २० लिटर इंधन लागेल. लिटरचा भाव ११० रुपये धरला तर २,२०० रुपये. चार जणांत वाटले की माणशी ५५०. मोटारसायकल ४५ ची सरासरी देत असेल तर ८ लिटर, म्हणजे दोघांत ८८०. राहण्याचा खर्च हा खरा फरक पाडणारा. तामिया भागात, सावरवानीसारख्या गावात, घरगुती निवासाची सोय आहे. एका रात्रीला चौघांचे मिळून दीड हजार धरा आणि जेवण तिथलेच घ्या. एकच रात्र राहिलात तर सहल बसते, दोन राहिलात तर ती निवांत होते. पहिल्या दिवसाचे जेवण घरून न्यावे: दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी सोबत, आणि मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याच बाजारात असतात, ती टोपलीभर घ्यावीत. उन्हात पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसण्यापेक्षा वीस लिटरचा एक कॅन घरून भरून नेणे केव्हाही बरे. पातालकोटला खाली उतरायचे असेल तर गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याच्याशी घासाघीस करू नये. बचत करण्याची ती जागा नाही. हे सगळे मिळून दोन दिवस, एक रात्र, चार माणसे, असा हिशोब साडेपाच ते सहा हजारांत बसायला हरकत नाही. पचमढी जोडायची असेल तर तामियाहून मटकुलीमार्गे जाऊन येऊन आणखी १६० किलोमीटर, म्हणजे इंधनाचे हजारेक रुपये वाढतात, आणि राहणे, जीप, प्रवेशशुल्क हे वेगळे. तीन रात्री आणि दुप्पट पैसे असतील तरच पचमढी जोडावी. घाईघाईने धूपगड गाठून परतण्यात झाडे पाहणे राहून जाते.

गाडीच नसेल तर? मध्य प्रदेशात महाराष्ट्रासारखी एसटी आज नाही, पण सौंसर-छिंदवाडा मार्गावर खासगी बस चालतात, आणि रेल्वे आहे. नागपूर-छिंदवाडा ही जुनी अरुंद रेल्वे २०१५ साली बंद होऊन तिचे मोठ्या मापाच्या लोहमार्गात रूपांतर झाले. ती सौंसर, रामाकोना, भीमालगोंदी, भंडारकुंड, उमरानाला अशी जाते, आणि भीमालगोंदी-भंडारकुंडचा टप्पा थेट डोंगरातून आहे. गाड्या थोड्या आहेत, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच बेत आखावा. पण खिशात दोनशे रुपये असलेल्या विद्यार्थ्यालाही खिडकीतून तीच पानगळ पाहता येते, हे सांगितलेच पाहिजे.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला उन्हाचा. मार्चच्या उत्तरार्धात आपल्याकडे पारा ३५ च्या पुढे जातो, हे खरे. म्हणून तर पहाटे निघणे आणि दुपारी सावलीत राहणे हा बेताचा भाग आहे. शिवाय तामियाची रात्र सौंसरच्या रात्रीपेक्षा गार असते. लहान मूल किंवा वृद्ध बरोबर असतील तर फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरावा, कुसुम मिळणार नाही पण पळस मिळेल. दुसरा आक्षेप परीक्षांचा. ज्या घरात दहावी-बारावी आहे त्यांनी फेब्रुवारीचा विचारच करू नये. पण मार्च संपता संपता बहुतेक परीक्षा आटोपलेल्या असतात आणि नवे वर्ग एप्रिलमध्ये भरतात, तो मधला काळ सहलीसाठी आणि पालवीसाठी एकच आहे. तिसरा आक्षेप जास्त खोल आहे: झडलेले रान ओसाड दिसते, त्यात पाहायचे काय? हिरव्या रानाची सवय झालेल्या डोळ्याला पहिला तासभर तसे वाटते, हे मान्य. पण पावसाळ्यात हिरवाई सगळे झाकून टाकते. डोंगराची ठेवण, नाल्याची वाट, खोडाची साल, फांदीवरचे घरटे, हे पाने गेल्यावरच दिसते. पळसावर आणि काटेसावरीवर मैना, पोपट, कोतवाल, सूर्यपक्षी एकाच वेळी उतरलेले असतात, आणि लपायला पान नसल्याने ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. दुर्बीण नसलेल्या माणसाला पक्षी पाहायला याहून चांगले दिवस नाहीत.

चौथा आक्षेप असा की जंगल पाहायचे तर पेंचला का जाऊ नये, ते तर जवळच आहे. वाघ पाहायचा असेल तर जरूर जावे. पण झाडांसाठी सफारीचे पैसे भरण्याचे कारण नाही. जीप ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळात धावते, तुम्हाला उतरता येत नाही, आणि सगळ्यांचे डोळे प्राणी शोधत असतात. कुसुम आणि धावडा राखीव क्षेत्राच्या फाटकाबाहेरही तेच असतात. चौघांच्या सफारीला लागणाऱ्या पैशांत तामियाची एक रात्र सहज वाढवता येते, आणि माझ्या मते ती वाढवावी. आणि काश्मीर? ज्याला शक्य आहे त्याने चिनार आयुष्यात एकदा पाहावेत, त्यात वाद नाही. मात्र नागपूरहून जम्मूला आगगाडीने पोचायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो, तिथून पुढे खोरे. चार-सहा दिवस जाण्यायेण्यात आणि खर्चाचा मोठा वाटा तिकिटांत जातो. तिकिटे महिनोन्‌महिने आधी काढावी लागतात, आणि झाडे काही तिकिटाची तारीख पाहून रंगत नाहीत.

इथेच आपला सगळ्यांत मोठा फायदा आहे. पानगळ दरवर्षी सारख्या दिवशी येत नाही. हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला तर जमीन ओली राहते आणि पाने उशिरा गळतात. पावसाळा लवकर आटोपला तर सगळे आठवडाभर आधी होते. लांबून येणारा माणूस तारीख आधी ठरवतो आणि नशिबावर सोडतो. पांढुर्णा-सौंसरचा माणूस थांबू शकतो. आपल्या गावातला पिंपळ पाहावा. त्याची पालवी फुटली की वर डोंगरात कुसुमाचा हंगाम जवळ आला असे समजायला हरकत नाही. छिंदवाड्याच्या वाटेवर रोज ये-जा करणाऱ्या बसचालकाला विचारावे, मोहफुले वेचणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन करावा. त्यांचे उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरे असते. मग दोन-तीन दिवस आधी मुक्काम ठरवावा आणि निघावे. मार्चमध्ये या भागात सुटीची गर्दी नसते, त्यामुळे ऐनवेळी जागा मिळणे कठीण जात नाही; फक्त होळी-रंगपंचमीचे दिवस सोडावेत. होळीनंतर छिंदवाड्याच्या काही गावांत आदिवासींचा मेघनाथाचा मेळा भरतो. वाटेत लागला तर बाजूला उभे राहून, विचारून, आदराने पाहावा.

आता ज्या गोष्टींत सूट नाही त्या. मध्य प्रदेशच्या वनखात्याच्या हिशोबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ असतो, म्हणजे आपली सहल बरोबर त्याच काळात पडते. गुडघाभर वाळलेला पाला एका बिडीने पेटतो आणि वारा असेल तर डोंगर जाळत जातो. कुसुमाची आणि चारोळीची कोवळी रोपे त्यात आधी मरतात, आणि काही वर्षांनी पाहायला रान उरत नाही. म्हणून रानात चूल मांडू नये. पानगे-रोडग्यांचा बेत घराच्या अंगणात करावा, जंगलात करू नये. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: लांब पल्ला करून आलेल्या गाडीचा सायलेन्सर इतका तापलेला असतो की खाली वाळका पाला असेल तर तोही पेटू शकतो. गाडी आणि मोटारसायकल नेहमी उघड्या मातीवर किंवा डांबरावर उभी करावी. मोहाखाली पहाटे पायी जाऊ नये. ती अस्वलांची वेळ असते, त्यांना मोहफुले फार आवडतात. आणि मोहफुले वेचू नयेत. जंगलातली असली तरी ती बेवारशी नसतात. कोणते झाड कुणाचे हे गावाला ठाऊक असते आणि कित्येक घरांचे वर्षाचे पैसे त्यावर उभे असतात. हवी असतील तर आठवडी बाजारात विकत घ्यावीत, चारोळीही तिथेच घ्यावी. पैसे थेट वेचणाऱ्याच्या हातात जातात.

पातालकोटबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आपल्यासारख्यांची वर्दळ वाढली तर त्याचे नुकसान होईल, हा आक्षेप मला बरोबर वाटतो. २०१९ साली ते जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले. खालची गावे भारियांची घरे आहेत. त्यांना प्रेक्षणीय स्थळ समजून दारात जाऊन उभे राहणे अशोभनीय आहे. रंग पाहायचा असेल तर काठावरून तो पूर्ण दिसतो, उतरण्याची गरज नाही. उतरलातच तर वाटाड्याबरोबर उतरा, विचारल्याशिवाय कुणाचे छायाचित्र काढू नका, औषधी मुळे-साली कुणी विकायला आणल्या तर त्यांची मागणी वाढवू नका, आणि नेलेला कागद, प्लास्टिक, संत्र्याच्या सालींसह सगळे परत आणा. गाड्या कमी, माणसे जास्त, हे सूत्र इथे पैशांसाठी जितके बरे तितकेच जागेसाठीही. दोन कुटुंबांनी मिळून एक मोठी गाडी केली तर माणशी खर्चही उतरतो आणि त्या अरुंद रस्त्यावर एक गाडी कमी जाते.

तेव्हा दिवाळीत बाजूला ठेवता येतील ते पैसे ठेवा, फेब्रुवारी लागला की बसचालकांकडे चौकशी सुरू करा, टायर आणि ब्रेक तपासून घ्या, आणि बेत पक्का करताना घरातल्या मोठ्या माणसांनाही बरोबर घ्या. महादेवाच्या वाटेने पूर्वी गेलेल्यांना झाडांची नावे आपल्यापेक्षा जास्त येतात, आणि ती मुलांना सांगायला दुसरे कोणी नाही.